तांब्याचे १०० मीटर संपले की पुढं काय? मीडिया कन्व्हर्टर, एसएफपी आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मीडिया कन्व्हर्टरची जोडी टेबलावर लावून चालू करून दाखवली. व्हिडिओत जोडणी दिसते, पण हिशोब नीट सांगता येत नाही. म्हणून हा लेख लिहितोय. सीसीटीव्ही बसवणारे, लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान असणारे, केबलच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेले आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून स्वतःचं काहीतरी सुरू करू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हा आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात हे काम कुठं निघतं ते आधी बघा. माजलगाव-गेवराईकडचं जिनिंग घ्या. गेटवर वजनकाटा, मधे कापसाच्या गंजी, पलीकडं मशीन हॉल, आणि ऑफिस एका कोपऱ्यात. साखर कारखाना घ्या. काटा एकीकडं, गव्हाण दुसरीकडं, शेती विभाग तिसरीकडं. अंबाजोगाईतल्या कॉलेजच्या दोन इमारती, आष्टी-कड्याकडचं दूध संकलन केंद्र, बाजार समितीचं आवार, रस्त्यालगतचं मोठं मंगल कार्यालय. सगळीकडं अडचण एकच असते. कॅमेरा किंवा कॉम्प्युटर एका टोकाला, रेकॉर्डर किंवा इंटरनेट दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर १००, २००, ४०० मीटर.

इथं बरेच जण लॅनची केबल ओढून मोकळे होतात. दोन महिने चालतं, मग फोन सुरू होतात. शेवटी मालक कंटाळून संभाजीनगर किंवा पुण्याची पार्टी बोलावतो. गावातलं काम गावाबाहेर जातं, आणि जाताना आपल्या दुकानाचं नावही खराब करून जातं. हे काम आपल्याकडं टिकवायचं असेल तर तांबं कुठं थांबतं आणि काच कुठून सुरू होते, हे पक्कं समजलं पाहिजे.

१०० मीटर हा आकडा आला कुठून?

कॅट-५ई, कॅट-६ या आपल्या नेहमीच्या लॅन केबलवर इथरनेटसाठी जास्तीत जास्त १०० मीटर धरलेले आहेत. त्यातले ९० मीटर भिंतीतली किंवा पाइपमधली पक्की केबल, आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डसाठी. तांब्यातून जाताना सिग्नल क्षीण होतो आणि शेजारच्या जोड्यांची गडबडही त्यात मिसळते. त्यामुळे त्यापुढं खात्री देता येत नाही.

आता कुणी म्हणेल, "आपण तर १३० मीटरवर कॅमेरा चालवलाय." चालतो ना, नाही म्हणत नाही. पण त्याच केबलमधून पीओईची वीजही जात असते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालून गेलेली केबल तापते, तांब्याचा रोध वाढतो, टोकाला व्होल्टेज कमी पडतं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त वीज ओढतो आणि बंद-चालू होत राहतो. दिवसा चांगला, रात्री गायब. चोरी रात्रीच होते, हे मालकाला आपण सांगायची गरज नाही.

त्यात भर म्हणजे सीसीए केबल. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये आतली तार शुद्ध तांब्याची नसते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे तार ब्लेडनं खरवडून बघायची. आत पांढरी-चंदेरी दिसली तर सीसीए. ही केबल लांब अंतराला आणि पीओईला वापरायची नाही. ९० मीटरच्या आतल्या कामातही ती नडते.

काचेतून प्रकाश

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाश जातो. चार्ल्स काओ या शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांबवर नेता येईल. याच कामासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपण वापरतो त्या सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची एका किलोमीटरमागं साधारण ०.३५ डेसिबल घट होते. १५५० नॅनोमीटरला त्याहून कमी. म्हणजे तुमच्या ३०० मीटरच्या जिनिंगमध्ये काचेतली घट जवळपास नाहीच.

फायबरचे दोन प्रकार लक्षात ठेवा. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा असतो, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा. मल्टिमोडवर गिगाबिट चांगल्या केबलला साधारण ५५० मीटरपर्यंत जातं, आणि जुन्या ६२.५ च्या केबलला त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतं. सिंगल मोडवर साध्या मॉड्यूललाही १० किंवा २० किलोमीटर मिळतात. आपल्या भागात नवीन काम असेल तर डोळे झाकून सिंगल मोड घ्या. मल्टिमोड भेटेल ते जुन्या कॅम्पसमध्ये, आधीच टाकलेलं.

मीडिया कन्व्हर्टर आणि एसएफपी: दोघांचं काम एकच

कॅमेरा, एनव्हीआर, कॉम्प्युटर, बिलिंग मशीन या सगळ्यांना तांब्याची भाषा कळते, म्हणजे आरजे-४५. काचेतून मात्र प्रकाश जातो. मधे कुणीतरी दुभाषी लागतो.

मीडिया कन्व्हर्टर हा स्वतंत्र डबा असतो. एका बाजूला आरजे-४५, दुसऱ्या बाजूला फायबरचं तोंड, आणि मागं ५ व्होल्टचा अडॅप्टर. दोन्ही टोकांना एकेक, म्हणून तो नेहमी जोडीनं लागतो.

एसएफपी म्हणजे बोटाएवढं ट्रान्सिव्हर मॉड्यूल. ट्रान्सिव्हर म्हणजे पाठवणारा आणि घेणारा एकाच डबीत. हे स्विचच्या किंवा राउटरच्या एसएफपी खाचेत बसतं आणि वीज तिथूनच घेतं. वेगळा अडॅप्टर नाही, वेगळा डबा नाही. उद्या अंतर वाढलं तर स्विच बदलायची गरज नाही, मॉड्यूल बदललं की झालं. उलट गरज असेल, म्हणजे स्विचला फक्त एसएफपी खाच आहे आणि तांब्याची केबल लावायची आहे, तर आरजे-४५ वाला कॉपर एसएफपीही मिळतो.

कधी काय घ्यायचं? एकच लिंक असेल तर कन्व्हर्टरची जोडी पुरते. पण कारखान्यात ऑफिसमधून पाच ठिकाणी फायबर जात असेल, तर ऑफिसात पाच कन्व्हर्टर म्हणजे पाच अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायरचा गुंता. या कामात सगळ्यात आधी जातो तो तो स्वस्तातला अडॅप्टरच. अशा वेळी मध्यभागी एसएफपी खाचांचा एक स्विच घ्या, आणि दूरच्या टोकांना कन्व्हर्टर ठेवा. एका बाजूला एसएफपी आणि दुसऱ्या बाजूला कन्व्हर्टर बिनधास्त चालतात, फक्त खालच्या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

या चार जुळण्या पाठ करा

पहिली, वेग. १०० एमबीपीएसचा कन्व्हर्टर आणि गिगाबिटचा कन्व्हर्टर फायबरच्या बाजूनं एकमेकांशी बोलत नाहीत. लॅनच्या बाजूला १०/१००/१००० आपोआप जुळतं, म्हणून फायबरलाही जुळेल असं समजू नका. १० गिगाच्या एसएफपी प्लस खाचेत १.२५ जीचं मॉड्यूल बसवलं तर बऱ्याच स्विचमध्ये त्या पोर्टचा वेग हातानं १ गिगा करावा लागतो.

दुसरी, प्रकाशाची लांबी. एकाच तारेवर चालणाऱ्या जोडीत एक डबा "ए" असतो आणि दुसरा "बी". ए १३१० वर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, बी त्याच्या उलट. दोन्हीकडं ए लावलात तर दोघंही बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. काही एसएफपीत १५५० च्या जागी १४९० असतं. त्यामुळे लेबल वाचा आणि शक्यतो जोडीच विकत घ्या. दोन तारांवर चालणाऱ्या प्रकारात ए-बी नसतं, पण एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जायला हवं. म्हणजे तारा उलटसुलट लावाव्या लागतात.

तिसरी, तारेचा प्रकार. सिंगल मोडचं मॉड्यूल, सिंगल मोडचीच केबल, सिंगल मोडचेच पॅचकॉर्ड. पिवळा पॅचकॉर्ड बहुतेक वेळा सिंगल मोडचा असतो. नारिंगी किंवा आकाशी असेल तर मल्टिमोड. मधे एखादा नारिंगी पॅचकॉर्ड लागला की लिंक लागते-जाते असला त्रास देते आणि शोधायला दिवस जातो.

चौथी, कनेक्टर. कन्व्हर्टरला बहुतेक वेळा चौकोनी मोठं एससी असतं, एसएफपीला छोटं एलसी. त्यातही रंग बघा. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं टोक जवळजवळ सपाट असतं. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळ्यात हिरवा जोरानं घातला तर बसतो, पण दोन टोकांमध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकंही खराब होतात. इंटरनेट कंपनीच्या घरगुती फायबरला हिरवा सर्रास दिसतो, कन्व्हर्टरला निळा. दोन्हीची गल्लत नको.

आणखी एक गोष्ट. काही कंपन्यांचे स्विच फक्त स्वतःच्या कोडचंच एसएफपी ओळखतात. मॉड्यूल घेताना स्विचचं मॉडेल दुकानदाराला सांगा, आणि चाललं नाही तर परत घेणार का, हे आधी विचारून घ्या.

घरात येणारं फायबर हे वेगळं प्रकरण

नवीन पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. घरी फायबर इंटरनेट येतं, त्या डब्याला ओएनटी म्हणतात. तोही काच ते तांबं असाच दुभाषी आहे. पण त्याची भाषा जीपॉन. एका ओएलटी पोर्टवरून एक तार निघते, ती स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा प्रकाश १४९० वर, वर जाणारा १३१० वर. कुणी कधी बोलायचं ते ओएलटी ठरवतं. त्यामुळे कंपनीच्या फायबरला तुमचा मीडिया कन्व्हर्टर लावला तर काही होणार नाही. उलट तुमचा सततचा प्रकाश त्या लाइनवरच्या इतर घरांचं इंटरनेट बंद पाडू शकतो. त्या तारेला हात लावायचा नाही. ओएनटीच्या लॅन पोर्टपासून पुढं आपलं काम.

आपल्या ग्रामपंचायतींचंही हेच आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. तीच पुढं भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत जोडल्याचं सरकारनं जाहीर केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली, आणि त्यात गावातल्या तरुणांसाठी भारतनेट उद्यमी ही भागीदारीची पद्धत आणली. या योजनेच्या सुरुवातीच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी आणि ग्रामपंचायतीत ओएनटी ठेवलेला आहे. म्हणजे प्रकाशाचं तांब्यात रूपांतर होतं ते सरपंचांच्या ऑफिसात. तिथून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र हे २००-३०० मीटरवर असतं. तिथपर्यंत न्यायचं काम निघालं तर ग्रामपंचायतीची आणि संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी घ्या, आणि ओएनटीच्या लॅन पोर्टपासूनच सुरुवात करा.

आणि हो, मालकाच्या आवारातलं जाळं जोडून देणं वेगळं, आणि इंटरनेट विकणं वेगळं. इंटरनेट विकायचं तर परवाना लागतो किंवा परवानाधारक कंपनीचा भागीदार व्हावं लागतं. "शेजारच्या दहा घरांना आपणच देऊ" असला उद्योग करू नका.

आपल्याकडं खरा शत्रू वीज

मराठवाड्यात रोहिणीच्या शेवटी आणि मृगाच्या तोंडावर जे वळीव येतात, आणि नंतर परतीच्या पावसात जो कडकडाट होतो, तो आपल्या धंद्याच्या डोक्यावर बसलेला आहे. वीज केबलवरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या केबलमध्ये झटका तयार होतो आणि तो कॅमेरा, स्विच, एनव्हीआर सगळ्यांत घुसतो. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर मधली तांब्याची लॅन केबल त्या दोघांना जोडणारा रस्ताच होते.

काचेतून वीज जात नाही. दोन इमारतींच्या मधे फायबर टाकलं, तर एका इमारतीला बसलेला झटका त्या तारेनं दुसरीकडं जात नाही. मालकाला अंतरापेक्षा हा मुद्दा लवकर पटतो. "शेठ, गेटवरचा कॅमेरा जळाला तर एकच कॅमेरा जाईल, ऑफिसातली पूर्ण सिस्टीम जाणार नाही." शिवाय फायबरला भंगारात किंमत नाही, त्यामुळे तांब्यासारखी चोरी होत नाही.

पण एक बारीक गोष्ट. हवेतून टाकायच्या ड्रॉप केबलला ताण सहन करायला बाजूला लोखंडी तार असते. ती तार डब्यात नेली तर झटका तिच्यातून येईल. ती बाहेरच, भिंतीवरच्या हुकाला बांधून तिथंच कापायची. आत फक्त काचेची बाजू न्यायची. ऑफिसच्या आतल्या छोट्या अंतराला लोखंड नसलेली केबल घेतली तर आणखी चांगलं.

फायबर टाकलं म्हणजे अर्थिंग नको, असंही नाही. वीज पुरवठ्याच्या वायरनं येणारा झटका कन्व्हर्टरचा अडॅप्टर जाळतोच. गेटवरच्या पेटीला स्वतःचं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर द्या. आणि शिडीवर काम करताना पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं काढलेलं दामिनी अ‍ॅप मोबाईलमध्ये ठेवा. जवळ वीज पडण्याचा इशारा दिसला की खाली उतरायचं. काम उद्याही होईल.

एक काम, पूर्ण हिशोबासह

समजा जिनिंगच्या गेटवर चार कॅमेरे आणि वजनकाट्याचा कॉम्प्युटर आहे. ऑफिस २६० मीटरवर.

गेटवरच्या पेटीत सहा पोर्टचा पीओई स्विच आणि गिगाबिट कन्व्हर्टर, समजा ए. ऑफिसात बी, किंवा स्विचला एसएफपी खाच असेल तर जुळणारं एसएफपी. मधे सिंगल मोडची केबल. लागते एक तार, पण किमान दोन तारांची टाका. दुसरी राखीव. एक तुटली तर पुन्हा २६० मीटर ओढावी लागत नाही. केबलचा दर दोन तारांसाठी फार वाढत नाही, मजुरी तर तीच.

केबल मोजताना सरळ रेषा धरू नका. खांबाची चढ-उतार, वळणं आणि दोन्ही टोकांना पाच-सात मीटरचा वेटोळा धरून ३०० मीटर मागवा. वळण मारताना केबल मोडू नका. चहाच्या कपापेक्षा लहान घेर नको.

आता वीज. फायबरमधून पीओई जात नाही. काचेतून कॅमेऱ्याला वीज मिळणार नाही, ती गेटवरच द्यावी लागेल. हे मालकाला कोटेशन देतानाच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण. लोडशेडिंगमध्ये चालायला हवं असेल तर गेटवरही यूपीएस. ऑफिसला इन्व्हर्टर आहे आणि गेटला नाही, तर लाइट गेल्यावर रेकॉर्डर चालू आणि कॅमेरे बंद.

प्रकाशाचा हिशोब असा. ०.२६ किलोमीटरची घट ०.१ डेसिबल. दोन्ही टोकांना एकेक जोड, प्रत्येकी ०.१ धरा, म्हणजे ०.२. दोन्हीकडं कपलर, प्रत्येकी ०.५ धरा, म्हणजे १. एकूण १.३. कन्व्हर्टर उणे ६ डीबीएमनं पाठवत असेल तर पलीकडं साधारण उणे ७.३ मिळायला हवेत. मीटरवर उणे १८ दिसले, तर लिंकचा दिवा लागला तरी काम झालेलं नाही. कुठंतरी घाण, मोड किंवा कच्चा जोड आहे. आज चालेल, पावसाळ्यात बंद पडेल.

आणि "जास्त ताकदीचं चांगलं" म्हणून ३०० मीटरला ८० किलोमीटरचं मॉड्यूल लावू नका. जवळून इतका प्रखर प्रकाश पडला की घेणारा भाग गोंधळतो, कधी खराबही होतो. २० किलोमीटरचं पुरे आहे.

चालू करून देऊ नका, मोजून द्या

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कन्व्हर्टर आज कुणीही ऑनलाइन मागवू शकतो. मालकाचा भाचाही मागवेल. तो डबा विकून तुमच्या हातात फार काही उरणार नाही. तुम्ही विकता ती वर्षभर चालणारी लिंक, आणि तिचा पुरावा म्हणजे मोजलेला आकडा.

प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवा. त्यावर एवढं लिहा: कुठून कुठं, तार कोणती वापरली आणि राखीव कोणती, या टोकाला ए की बी, वेग, दोन्ही टोकांना मिळालेला डीबीएम, तारीख, आणि तुमच्या दुकानाचं नाव. दोन्ही टोकांचे मीटरसह फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. एका तारेच्या जोडीत मोजताना ए च्या टोकाला मीटर १५५० वर ठेवायचा, कारण तिथं पलीकडून १५५० येतो. बी च्या टोकाला १३१०.

सहा महिन्यांनी फोन आला की हे कार्ड तुमचा वेळ वाचवतं. तेव्हा उणे ७ होते, आता उणे १५ आहेत, म्हणजे तारेत बिघाड. आकडा तोच आहे पण लिंक नाही, म्हणजे डबा किंवा वीज. अंदाजानं सामान बदलत बसायचं नाही.

बंद पडलं तर क्रम हाच

आधी फोनवरच विचारा, "दादा, डब्यावर दिवे किती लागलेत?" पॉवरचा दिवा नाही तर अडॅप्टर. पॉवर आहे पण एफएक्सचा दिवा नाही तर फायबरची बाजू. एफएक्स आहे पण टीपी नाही तर लॅनची बाजू. निम्मे फोन इथंच मिटतात आणि पेट्रोल वाचतं.

जागेवर गेलात तर आधी कनेक्टर साफ करा, क्लीनर पेननं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धागे सुटणाऱ्या पुसण्यानं. तोंडानं फुंकर नाही, शर्टाची बाही नाही. जिनिंगमध्ये सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू सगळीकडं उडतात, म्हणून रिकाम्या तोंडाला टोपी हवीच. मग मीटर लावा. मग लाल लेझरच्या पेननं तार कुठं तुटली ते बघा. तुटलेल्या जागी लाल उजेड बाहेर दिसतो.

डोळ्यांची काळजी घ्या. १३१० आणि १५५० चा प्रकाश दिसत नाही. "उजेड येतोय का" म्हणून तारेत डोकावू नका. आणि कापलेल्या काचेचे तुकडे जमिनीवर टाकू नका. झाकणाच्या बाटलीत जमा करा. ते कातडीत शिरले तर काढणं अवघड जातं.

किती भांडवल, कसा दर?

सुरुवातीलाच स्प्लायसिंग मशीन घेऊ नका. आधी पॉवर मीटर, लाल लेझर पेन, क्लीनर, स्ट्रिपर, लॅन टेस्टर, क्रिम्पिंगचं हत्यार आणि चांगली शिडी. जोड मारायला तालुक्यात केबलवाला किंवा फायबरवाला भेटतोच. त्याला जोडामागं पैसे द्या. छोट्या आतल्या कामाला दोन्ही टोकं तयार असलेली केबलही मागवता येते. दाबून बसवायचे फास्ट कनेक्टर तातडीला ठीक आहेत, पण उन्हापावसातल्या कायमच्या कामाला वितळवून मारलेला जोडच घ्या.

मशीन कधी घ्यायचं? समजा ते ६०,००० ला पडतं आणि स्वतः जोड मारल्यानं एका जोडामागं १५० रुपये वाचतात. मग ४०० जोड झाल्यावर पैसे वसूल. एका लिंकला दोन तारा म्हणजे चार जोड, म्हणजे १०० लिंका. वर्षाला तुमच्या १५ लिंका होत असतील तर मशीन भाड्यानंच बरं. ५० होत असतील तर विचार करा. तुमच्या भागातले खरे दर टाकून हाच हिशोब स्वतः करा.

कोटेशनमध्ये पाच ओळी वेगळ्या दाखवा: सामान, केबल मीटरप्रमाणे, ओढणी-मजुरी, जोड आणि टोकं, मोजणी आणि कार्ड. शेवटी वर्षभराच्या देखभालीचा पर्याय. जीएसटीची नोंदणी असेल तर या सामानावर १८ टक्के वेगळा दाखवा. मोजणीची ओळ फुकट देऊ नका. फुकट दिलं की कुणी विचारत नाही. पैसे लावले की मालक विचारतो, "हे काय?" आणि तिथंच तुम्हाला समजावून सांगायची संधी मिळते.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. हत्यारांसाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पण आधी दोन-चार कामं हाताखाली घाला, मग बँकेत जा.

कुठं नाही म्हणायचं?

एकाच इमारतीत ७० मीटर अंतर असेल तर चांगली तांब्याची केबल टाका. तिथं फायबर विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री. मधे सार्वजनिक रस्ता असेल आणि परवानगी मिळत नसेल तर वायरलेस ब्रिज सुचवा. महावितरणच्या खांबांवरून परवानगीशिवाय केबल नेऊ नका, मालक कितीही म्हणाला तरी. अपघात झाला तर केबल कुणी बांधली, हेच विचारलं जातं.

हंगामाचंही बघा. जिनिंग दिवाळीच्या आसपास भरात येतं, कारखाने त्याच सुमारास पेटतात. एकदा गाड्यांची रांग लागली की मालक काटा बंद करू देत नाही. म्हणून पाहणी पोळ्यापर्यंत, कोटेशन गणपतीत, आणि काम दसऱ्याच्या आत. उशिरा आलेल्या कामाला घाई असते, आणि घाईत मोजणी सुटते.

आता या आठवड्याचं काम. तुमच्या तालुक्यातली अशी पाच आवारं निवडा जिथं दोन इमारतींमध्ये १०० मीटरपेक्षा जास्त अंतर आहे. मालकाला भेटून एकच प्रश्न विचारा: "मागच्या पावसाळ्यात विजेनं काय काय जळालं?" ते वहीत लिहून घ्या. पाचपैकी दोघांकडं तरी तुम्हाला कामाची सुरुवात सापडेल. पुढच्या व्हिडिओत आपण अशा एका आवाराची पाहणी कशी करायची आणि कोटेशन कसं लिहायचं, ते कागदावर करून बघू.